ऐंशीवर थांबा

आमच्या शेजारच्या वामनरावांनी एसटीत एकतीस वर्षं गाडी चालवली आणि त्यांच्या चाकाखाली कधी कोंबडीसुद्धा आली नाही. हे मला त्यांनीच सांगितलंय, निदान पन्नास वेळा. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांच्या कपाटात आहे. दर दिवाळीला तो चिंच लावून घासला जातो. क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला, पाठीचे मणके गेले, कान जरा जड झाला, पण नियम म्हणजे नियम. नियम पाळणाऱ्या माणसांचा मला आदर वाटतो, मी स्वतः छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. मात्र अशा माणसाच्या बायकोशी दोन घटका बोललं की तो आदर थोडा कमी होतो.

बायकोचं नाव मनकर्णाबाई. आमच्या धाड गावात उन्हाळ्यात नळ दहा-अकरा दिवसांनी येतो, आणि नळाच्या दिवशी या बाईला पाहावं. टाकी भरते, ड्रम भरते, मग हंडे, कळशा, बादल्या, पातेली, आणि शेवटी चहाच्या कपबशाही भरून ओट्यावर ओळीनं मांडते. थट्टा केली तर म्हणते, "बाई, रिकामं भांडं पाह्यलं का मले धडकी भरते." लाईटचंही तसंच. लाईन असेल तेवढ्यात दळण, इस्त्री, मोबाईल, टॉर्च, सगळं उरकून घ्यायचं. अशा घरात दोन वर्षांपूर्वी बॅटरीवर चालणारी मोटार आली, म्हणजे पुढं काय होणार ते आम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं.

मोटार त्यांच्या मुलाची, दीपकची. तो पुण्यात कंपनीत आहे. नवी घेतली म्हणून चार वर्षं वापरलेली जुनी त्यानं आईवडिलांना आणून दिली. येताना वाटेत दोनदा चार्ज करावी लागली, हे सांगताना तो थकलेला दिसत होता. त्याची बायको अश्विनी आणि चार वर्षांची नात पुण्यातच राहिली होती. दोन दिवस राहिला, आणि ते दोन दिवस त्यानं वडिलांना बॅटरी समजावून सांगण्यात घालवले. मी दीपकला तिसरीत शिकवलंय. हुशार पोरगा, गणितात पैकीच्या पैकी. आपलं बरोबर असलं की समोरच्याचं ऐकून घ्यायचं नाही, ही खोड तेव्हापासूनची. ती मी वेळीच मोडली नाही, हा माझा दोष.

बॅटरी ऐंशी टक्क्यांवर गेली की बटण बंद करायचं, असं त्यानं सांगितलं. रोज शंभर केली तर ती लवकर म्हातारी होते. वीसच्या खाली उतरू द्यायची नाही. उन्हातून आल्या आल्या लावायची नाही, तासभर सावलीत गार होऊ द्यायची, आणि भरलेली गाडी पत्र्याच्या शेडमध्ये तापत ठेवायची नाही. जुनं मॉडेल असल्यानं ऐंशीवर आपोआप थांबायची सोय तिच्यात नव्हती, म्हणून लक्ष ठेवायचं काम माणसाचं. वामनरावांनी हे सगळं एका पुठ्ठ्यावर लिहून शेडमध्ये टांगलं. वर मोठ्या अक्षरांत: ऐंशीवर थांबा. रिटायर झाल्यापासून त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. हातात पुन्हा गाडी होती आणि भिंतीवर नियम.

वायरिंगचं काम जब्बारनं केलं. जब्बार गावातला मोटार वाइंडिंगवाला, विहिरीवरचे जळालेले पंप दुरुस्त करून त्याची बोटं काळी पडलेली आहेत. या गाडीच्या चार्जरला अर्थिंग पक्कं लागतं, जमिनीत वीज उतरायला जागा नसेल तर तो लाल दिवा लावून बसतो आणि चार्जच करत नाही. जब्बारनं शेडमागं खड्डा खोदला, नळी पुरली, कोळसा आणि मीठ टाकलं आणि सांगितलं, "चाचा, उन्हाळ्यात आपली जमीन फाटते. दोन-तीन दिवसाआड एक बादली पाणी टाकत राहा याच्यात, नाही त गाडी उपाशी राहीन." वामनरावांनी बायकोकडं पाहिलं. जिथं माणसं मोजून पाणी वापरतात तिथं गाडीच्या खड्ड्याला बादली! पण मनकर्णाबाईंनी ते मुकाट्यानं अंगावर घेतलं. भांडी विसळलेलं, भाजी धुतलेलं पाणी त्या साठवून ठेवायच्या आणि खड्ड्यात नेऊन ओतायच्या. वामनरावांना वाटायचं, चार्जिंग आपण सांभाळतो.

भांडण पहिल्या महिन्यातच सुरू झालं. गाडीला काम तसं कमीच. बुलढाण्याला डॉक्टर, बाजार, कुणाच्या लग्नाला जाणं. वामनराव सकाळी गाडी लावायचे आणि ऐंशीची वाट पाहत खाटेवर पडायचे. रात्रभर पाठीनं झोपू न दिलेला माणूस, डोळा लागायचाच. मनकर्णाबाई येता-जाता बघायच्या, ऐंशी झालेलं त्यांना दिसायचं, पण बटणाला हात लावायच्या नाहीत.

"अवं, ऐंशी झाल्यावर बंद करायचं सांगतलं होतं ना तुले?"

"लाईन हाय तवर भरून घ्या. मंग गेली का बसा बोंबलत."

"ते बॅटरी आहे, रांजण नाही."

"रांजण असो का बॅटरी. अर्धं ठेवलं त माया जीव नाही राहत ठिकाणावर."

एवढ्यावरच भागलं असतं, तर आमच्या गल्लीत असली भांडणं घरटी एक आहेत. पण दीपकच्या मोबाईलवर एक ॲप होतं. धाडला शेडमध्ये उभी असलेली गाडी किती टक्के भरली, हे त्याला पुण्यात खुर्चीत बसून दिसायचं. पंच्याऐंशीच्या वर आकडा गेला की पाच मिनिटांत फोन.

"आई, पुन्हा ब्याण्णव? बंद कर आधी. बाबा कुठे आहेत? किती वेळा सांगायचं तुम्हाला?"

मग तो दहा-पंधरा मिनिटं बोलायचा. आईला बॅटरी समजावून सांगायचा, वडिलांना झापायचा, मधेच जेवणाचं, गोळ्यांचं विचारायचा, आणि मागं नातीची बडबड ऐकू यायची. कधी ती फोन हिसकावून घ्यायची. "आजी, तू परत चूक केली?" असं विचारायची, आणि मनकर्णाबाई "हाव माय, केली," म्हणत खाली बसायच्या.

गेल्या फाल्गुनात आम्ही दोघी माझ्या अंगणात गहू निवडत बसलो होतो. मनकर्णाबाई खाली मान घालून म्हणाल्या, "बाई, तुमाले एक सांगू? कोणाले सांगू नोका."

"सांगा ना."

"पह्यले मी सवयीनं ठेवत होते चालू. आता मुद्दाम ठेवते."

मी सूप खाली ठेवलं.

"मी फोन केला का तो मीटिंगमंधी राह्यते. नंतर करतो म्हणते, अन् विसरते. कामाचा लोड आहे त्याले, मी नाव नाही ठेवत. पण गाडी ऐंशीच्या वर गेली का कितीही काम असो, फोन येते. रागावते, पण बोलते त. पोरीचा आवाज येते. आठ दिवसांत दोन डाव होते तसं." आणि मग ओशाळं हसून म्हणाल्या, "बॅटरी खराब होते, कळते मले. पाप लागन का हो बाई?"

मला आधी हसू आलं, नंतर राग आला, आणि राग नेमका कोणावर काढावा हे कळेना. मी म्हटलं, पाप बीप काही नाही, ठेवा चालू. कुणाला सांगणार नाही असा शब्दही दिला. आज वाटतं, त्याच दिवशी भिंतीपलीकडं जाऊन वामनरावांचा कान धरायला हवा होता. शिक्षकाचा कान धरायचा हात निवृत्तीनंतर आखडतो.

कारण तिकडं वामनराव मनातल्या मनात झिजत होते. प्रत्येक फोनला त्यांनाही ऐकून घ्यावं लागायचं. बाबा, तुमचं लक्ष नसतं. बाबा, तुम्ही लिहून ठेवता पण पाळत नाही. एकदा ते माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "बाई, एकतीस वर्षांत डेपो मॅनेजरनं माया अंगावर आवाज चढवला नाही. आता पोरगा चढवते. अन् चूक माही नाही." मी शब्दाला बांधलेली. चहा दिला, दुसरं काय देणार.

एप्रिलच्या सुरुवातीला त्यांनी जब्बारला बोलावलं आणि बटणावर लोखंडी पेटी बसवून घेतली, कुलूप लावायची. जब्बारनं स्क्रू पिळता पिळता विचारलं, "चाचा, हे लॉक चोरासाठी का चाचीसाठी?" वामनराव हसले नाहीत. किल्ली त्यांनी जानव्याला बांधावी तशी करगोट्याला बांधली. त्या दिवसापासून पहाटे पाचला ते शेडमध्ये खुर्ची टाकून गाडीसमोर बसायला लागले. डोळा लागू नये म्हणून उभे राहायचे, गुडघा दुखला की बसायचे, पुन्हा उभे राहायचे. ऐंशी झाले की कुलूप उघडायचं, बटण बंद, कुलूप बंद. एकदाही एक्क्याऐंशी झालं नाही.

आणि फोन थांबला.

पहिला आठवडा मनकर्णाबाईंनी काही दाखवलं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतः फोन केला. "आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो." तिसऱ्या आठवड्यात पुन्हा केला, पुन्हा तेच. चौथ्या आठवड्यात केलाच नाही. वामनराव मात्र ताठ मानेनं फिरत होते. "पाह्यलं बाई? महिना झाला, एक तक्रार नाही पुण्याहून." त्यांना वाटत होतं, मुलगा फोन करत नाही म्हणजे आपण पास झालो. मनकर्णाबाई माझ्याकडं यायच्या बंद झाल्या. मी गेले तर त्या खाटेवर पडलेल्या असायच्या, कूलरकडं तोंड करून. काय होतंय विचारलं तर म्हणायच्या, "काही नाही. थकवा आला." साठी उलटल्यावर मे महिन्यात थकवा कोणाला येत नाही? मलाही येत होता. मी फार खोदून विचारलं नाही, आणि याची मला अजून लाज वाटते.

मग एका सकाळी वामनराव माझ्या दारात आले. मागं जब्बार.

"बाई, तुमच्याकडं पाणी आहे?"

चार्जरचा लाल दिवा लागला होता. जब्बारनं येऊन खड्ड्यात हात घातला तर आत भुकटी, खडखडीत कोरडी. किती दिवसांत पाणी टाकलं नाही, असं त्यानं विचारलं तेव्हा कळलं, तिथं पाणी कोण टाकतं याकडं वामनरावांचं कधी लक्षच गेलं नव्हतं. घरात जाऊन पाहिलं तर टाकी तळाला, ड्रम रिकामा, हंडे पालथे. आदल्या दिवशी नळ येऊन गेला होता. गल्लीभर बायकांची धावपळ चालली होती, आणि मनकर्णाबाई उठल्याच नव्हत्या.

"अकरा दिवसांनी आला नळ, अन् तिनं घागर नाही लावली," वामनराव म्हणाले. "मी विचारलं, काऊन वं? त म्हणे, भरून काय करायचं." ते माझ्याकडं पाहत राहिले. "बाई, चाळीस वर्षांत असं नाही झालं. तिले काय झालं असंन? बुलढाण्याले नेऊ का?"

मी शब्द मोडला. जब्बारच्या देखत सगळं सांगितलं, ऐंशीचं, पंच्याऐंशीचं, मीटिंगचं, नातीचं. बोलताना माझा आवाज चढला. म्हटलं, तुमच्या गाडीनं उभ्या जन्मात कोंबडी मारली नसेल, पण ते कुलूप तुम्ही कुणाला लावलंत ते बघा. जब्बार पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. वामनराव उंबऱ्यावर टेकले. मग त्यांनी विचारलं, "मले काऊन नाही सांगतलं तिनं?"

"तुम्ही काय केलं असतं?"

"नियम सांगतला असता," ते म्हणाले. निदान खोटं बोलले नाहीत.

माझ्या टाकीतल्या दोन बादल्या जब्बारनं नेऊन खड्ड्यात ओतल्या. पाणी मुरायला अर्धा तास गेला. वामनरावांनी किल्ली काढली, कुलूप उघडलं, आणि पेटीचं झाकणच स्क्रूसकट उपटून बाजूला टाकलं. लाल दिवा विझून हिरवा लागला. गाडी चौऱ्याहत्तरवर होती. आठ वाजले होते.

मनकर्णाबाईंना हाताला धरून त्यांनी शेडमध्ये आणलं, आपल्या खुर्चीवर बसवलं. माझ्यासाठी आतून स्टूल आणलं. जब्बार जातो म्हणाला, पण गेला नाही, दाराशी उकिडवा बसला. मनकर्णाबाईंनी उपटलेली पेटी पाहिली, माझ्याकडं पाहिलं आणि समजल्या. रागावल्या नाहीत. पदरानं तोंड पुसून त्यांनी केस नीट केले, जणू फोनमधून कोणी बघणार होतं.

ऐंशी झालं तेव्हा वामनरावांचा हात सवयीनं बटणाकडं गेला आणि मागं आला. एक्क्याऐंशी. ब्याऐंशी. आम्ही चहा घेतला. पंच्याऐंशी झालं तसा मनकर्णाबाईंनी फोन मांडीवरून हातात घेतला. रेंज आहे का पाहिली. सत्त्याऐंशीला वामनराव म्हणाले, "येईन आता फोन." नव्वदला मनकर्णाबाईंनी पुन्हा रेंज पाहिली. उन्हानं पत्रे तडतडायला लागले होते. ब्याण्णव झालं, जिथं तो हमखास ओरडायचा. फोन आला नाही.

चौऱ्याण्णवला वामनरावांना राहवलं नाही. त्यांनी स्वतःच्या फोनवरून दीपकला लावला आणि कान जड म्हणून नेहमीसारखा स्पीकर चालू केला. नवल म्हणजे त्यानं लगेच उचलला.

"बोला बाबा. सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. दीपक, गाडी चौऱ्याण्णव झाली."

"अच्छा? होऊ द्या बाबा, एखाद्या वेळी चालतं." तो हसला. मोकळं, प्रेमानं हसला, हे मला सांगायलाच हवं. "आणि ते ॲप मी काढून टाकलं, मागच्याच आठवड्यात. महिनाभर बघत होतो, बरोबर ऐंशी, दर वेळी ऐंशी. म्हटलं, बाबांवर आता लक्ष ठेवायची काही गरजच नाही. ऑफिसात सगळ्यांना सांगतो मी, माझे बाबा बॅटरी माझ्यापेक्षा छान सांभाळतात. आईनं ऐकलं ना शेवटी?"

वामनरावांनी बायकोकडं पाहिलं.

"हाव," ते म्हणाले. "ऐकलं."

"बघा! उगाच मी इतके दिवस तिच्यावर ओरडत होतो. आता ओरडणार नाही म्हणावं. बरं, मीटिंग सुरू होतेय बाबा, नंतर करतो."

फोन बंद झाला. वामनराव तो हातात तसाच धरून उभे होते, विनाअपघात सेवेचा बिल्ला घेतानाही ते इतके अवघडून उभे राहिले नसतील. मला रडू येत होतं आणि दीपकचा राग येत होता, आणि राग यावा असं तो एक अक्षरही बोलला नव्हता.

मनकर्णाबाई खुर्चीच्या हाताला धरून उठल्या. गाडीजवळ गेल्या आणि पुठ्ठ्याखालचं बटण त्यांनी बंद केलं.

"चाला आत," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "उगा बॅटरी खराब होते."